पात्रनिर्मितीच्या साधनात आजीचा चेहरा का जमत नाही

पुण्यात गेम डिझाइन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ती आणि तिचे तीन सहाध्यायी मिळून सह्याद्रीच्या कुशीतल्या एका काल्पनिक गावात घडणारा गेम तयार करीत आहेत. खेळणाऱ्याने आपले पात्र स्वतः घडवावे, अशी त्यांची इच्छा आहे. त्यासाठी त्यांनी त्वचेच्या २४ छटा, १६ केशरचना आणि चेहऱ्याचे ३० स्लायडर (सरकवून आकार बदलणाऱ्या पट्ट्या) दिले आहेत. एके दिवशी तिने स्वतःच्या आजीचा चेहरा घडवायला घेतला आणि दीड तास खटपट करूनही तो जमला नाही. जे तयार झाले ते उन्हात रापलेल्या एखाद्या परदेशी बाईसारखे दिसत होते. मग आणखी किती पर्याय द्यावे लागतील, असे ती विचारते.

तुमचे पर्याय संख्येने पुरेसे आहेत; चार जणांच्या गटाच्या मानाने ते जास्तच आहेत. आजी जमली नाही याचे कारण, ते स्लायडर ज्या मूळ चेहऱ्यावर चालतात तो चेहरा, तो ज्या प्रकाशात दिसतो तो प्रकाश आणि त्या चेहऱ्याखालच्या शरीराला जे नेसवता-घालता येते ते कपडे, या तीन ठिकाणी शोधावे लागेल. मी गेली १७ वर्षे पुण्यात राहून गेमसाठी मानवी पात्रे घडवण्याचे काम करते आहे, आणि या काळात एक चूक मी पुन्हा पुन्हा होताना पाहिली आहे: हे तीनही निर्णय कोणत्याही चर्चेविना होऊन जातात आणि काम संपत आले की शेवटच्या दोन महिन्यांत ‘थोडे वैविध्य वाढवू या’ असे ठरते. तोवर जे बदलायला हवे होते ते पक्के झालेले असते आणि बदलता येण्याजोगे केवळ रंगाचे ठिपके उरलेले असतात.

आधी यंत्रणा नीट समजून घेऊ. बेस मेश म्हणजे हजारो बिंदूंच्या जाळ्याने बनलेला एकच चेहरा. प्रत्येक स्लायडर म्हणजे त्यातल्या कोणत्या बिंदूने कोणत्या दिशेला किती सरकायचे याची नोंद. तिला आम्ही मॉर्फ किंवा ब्लेंड शेप म्हणतो. काही साधनांत बिंदूंऐवजी चेहऱ्यात बसवलेली हाडे सरकतात, पण तत्त्व तेच. स्लायडर शून्यावर असताना मूळ चेहरा दिसतो आणि टोकाला नेल्यावर कलाकाराने घडवून ठेवलेला टोकाचा आकार दिसतो. खेळणाऱ्याला वाटते की आपल्याला सगळा मुलूख मोकळा आहे. प्रत्यक्षात कलाकाराने जो टोकाचा आकार घडवलेलाच नाही, त्या दिशेला वाटच नसते. तुमच्या साधनात नाक रुंद करण्याचा स्लायडर आहे. पण तो काय करतो, तर मूळचे अरुंद, सरळ नाक आडवे ताणतो. नाकपुडीचा वळसा, शेंड्याची गोलाई, नाक आणि गाल जिथे भेटतात तिथली घडी, यांपैकी काहीही तो बदलत नाही, कारण हे आकार कोणी घडवलेले नाहीत. म्हणून तुमच्या आजीचे नाक येत नाही आणि ताणलेले दुसऱ्याच कोणाचे तरी नाक येते.

यातून दुसरी अडचण निघते, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. मॉर्फ एकमेकांत मिळवले जातात. चेहरा मूळ चेहऱ्याच्या जवळ असेल तर चार-पाच स्लायडर थोडेथोडे हलवून काम भागते आणि जाळे व्यवस्थित राहते. मूळ चेहऱ्यापासून दूर असलेल्या माणसाला मात्र दहा-बारा स्लायडर टोकापर्यंत न्यावे लागतात, आणि तिथे मॉर्फची बेरीज बिघडते: ओठांच्या कोपऱ्यात जाळे दुमडते, पापणी बुबुळात शिरते, हसताना गाल फाटल्यासारखा दिसतो. दोन्ही खेळाडूंना पर्याय अगदी सारखेच दिलेले असतात, तरी एकाचा चेहरा दोन मिनिटांत देखणा होतो आणि दुसऱ्याचा दीड तासानंतरही विद्रूप राहतो. हा अन्याय पर्यायांच्या यादीत कुठेही दिसत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या आवाक्यातला आहे. ३० स्लायडर बाजूला ठेवा आणि एकाच जाळ्यावर आठ किंवा दहा पूर्ण चेहरे घडवा. बिंदूंची संख्या आणि क्रम सर्वांत सारखाच ठेवा. मग खेळणाऱ्याला एकाचे नाक, दुसऱ्याचा जबडा, तिसऱ्याचे डोळे असे भागवार मिसळू द्या. २०२१ मध्ये आलेल्या मेटाह्युमन क्रिएटर या मानवी पात्रे घडवण्याच्या साधनातही तयार चेहरे भागवार मिसळण्याची अशीच सोय होती. यात प्रत्येक नाक हे कोणाच्या तरी चेहऱ्यावर पूर्णपणे घडवलेले नाक असते, म्हणून ते खरे वाटते. हे आठ-दहा चेहरे निवडताना त्यांत म्हातारी माणसे असलीच पाहिजेत. बहुतेक साधनांत वार्धक्य म्हणजे तरुण चेहऱ्यावर चढवलेले सुरकुत्यांचे टेक्श्चर (पृष्ठभागावरचे रंगवलेले चित्र) असते. वय हाडामांसातून दिसते: वरची पापणी उतरते, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या लोंबतात, दात गेले की जबड्याचे हाड झिजते, ओठ आत ओढले जातात आणि तोंडाचे बोळके होते. बोळके हा आकार आहे; तो टेक्श्चरने येत नाही. तुमची आजी अडली त्याला हेही एक कारण असणार.

चेहरे घडवण्यासाठी आधार लागतो. मंडईत किंवा सिंहगडाच्या वाटेवर अर्धा तास थांबले तरी जेवढे चेहरे दिसतात, तेवढे कोणत्याही तयार संग्रहात मिळणार नाहीत, हे खरे आहे. परंतु भाजी विकणाऱ्या मावशींचे नकळत छायाचित्र काढून त्यांचा चेहरा गेममध्ये बसवणे मला मान्य नाही. नजरेने अभ्यास करा, वहीत रेखाटने करा, आणि छायाचित्र किंवा स्कॅन हवा असेल तर त्याचा उपयोग कशासाठी होणार हे मराठीत समजावून लेखी संमती घ्या, शक्य असेल तर मोबदलाही द्या.

आता त्वचेकडे येऊ. येथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक याच विषयातली आहे. मी ज्या पहिल्या मोठ्या प्रकल्पावर काम केले, त्यात आम्ही एकाच उजळ त्वचेचे टेक्श्चर रंगवले आणि गडद छटांसाठी त्याला तपकिरी रंगाने गुणले, म्हणजे त्या सगळ्यावर सरसकट तपकिरी छटा चढवली. खिडकीशेजारच्या पडद्यावर ते बरे दिसले. गेममधल्या मोकळ्या आकाशाखाली मात्र सगळी सावळी पात्रे राखाडी दिसू लागली, अंगाला राख फासल्यासारखी. वेळ नाही म्हणून तो गेम तसाच प्रसिद्ध झाला. ती पात्रे बघून एका खेळाडूने ‘ही माणसे आजारी आहेत का’ असे विचारले होते. ते वाक्य मी विसरलेले नाही.

हे का होते, हे पदार्थविज्ञानाने सांगता येते. त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरूनच परततो. त्वचेचा अपवर्तनांक १.४ धरला तर समोरून पडणाऱ्या प्रकाशात हा भाग सुमारे ३ टक्के येतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, विखुरतो, मेलानिन आणि हिमोग्लोबिन यांच्याकडून काही अंशी शोषला जातो आणि रंग घेऊन बाहेर येतो. पृष्ठभागावरून परतणारा भाग गोऱ्या आणि काळ्या त्वचेत जवळजवळ सारखाच असतो; आतून येणारा भाग मात्र मेलानिन जास्त असलेल्या त्वचेत पुष्कळ कमी असतो. त्यामुळे गडद त्वचेवर चकाकीचा वाटा प्रमाणाने मोठा होतो आणि तिच्यात आकाशाचा निळसरपणा उतरतो. खडबडीतपणाचे मूल्य (चकाकी किती पसरेल हे ठरवणारा आकडा) उजळ त्वचेवर ठरवून तेच सर्वांना लावले, की ही चकाकी पसरट होऊन राखेसारखी दिसते. ते मूल्य छटेनुसार जुळवून घेतले, की तीच चकाकी सुंदर दिसते. सावळ्या चेहऱ्यावर कपाळाचे आणि गालाचे वळण ज्या स्पष्टपणे उठून दिसते, ते गोऱ्या चेहऱ्यावर दिसतच नाही.

गुणाकाराच्या पद्धतीत आणखी एक दोष आहे. तिच्यामुळे तळहात, तळपाय, ओठांची आतली बाजू आणि नखांखालची त्वचाही तेवढीच काळवंडते, जे कोणत्याही सावळ्या माणसाच्या बाबतीत खरे नसते. म्हणून रंगवलेले टेक्श्चर गुणू नका. मेलानिन आणि रक्ताचा लालसरपणा यांचे दोन वेगळे थर ठेवा आणि मेलानिन कुठे कमी लागू व्हावे हे दाखवणारा एक मुखवटा, म्हणजे त्वचेचा नकाशा, रंगवा. हे काम एका माणसाचे चार-पाच दिवसांचे आहे.

हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. छायाचित्रणाच्या काळात कोडॅकची ‘शर्ली कार्डे’ प्रयोगशाळांत वापरली जात; त्यांवरच्या गोऱ्या स्त्रीच्या त्वचेवरून रंगांचा समतोल ठरवला जाई आणि इतरांच्या त्वचेचे काय होते ते दुय्यम राही. संगणकीय चित्रणात त्वचेखालच्या प्रकाशविखुरणाचे व्यवहारात वापरता येईल असे प्रारूप २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. ते काम पायाभूत आहे आणि मी आजही त्याच्या आधाराने काम करते. परंतु येल विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर किम यांनी २०२० पासून दाखवून दिले आहे की या क्षेत्रात ‘त्वचा’ आणि ‘केस’ या सामान्य नावांखाली प्रामुख्याने फिकट त्वचा आणि सरळ केस यांचाच अभ्यास झाला. मला त्यांचे म्हणणे पटते, कारण त्याचे परिणाम मी रोज शेडरच्या (पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसेल हे ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या) मूल्यांत पाहते.

छटा किती द्याव्यात हा प्रश्न यानंतरचा आहे. १९७५ मध्ये टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी मांडलेले वर्गीकरण पुढे सहा प्रकारांचे झाले, पण ते त्वचा उन्हाने भाजते की रापते हे ठरवण्यासाठी होते. गेमच्या रंगपट्टीसाठी ते कामाचे नाही. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची श्रेणी गुगलने २०२२ मध्ये खुली केली. सुरुवातीला ती आधार म्हणून घ्या. सिम्स ४ या गेममध्ये डिसेंबर २०२० मध्ये १०० पेक्षा अधिक छटांची भर पडली आणि त्यांच्यात उष्ण, मध्यम व थंड असा भेदही आला. तो भेद महत्त्वाचा आहे, कारण एकाच गडदपणाच्या दोन त्वचांपैकी एकीत पिवळसर तर दुसरीत लालसर झाक असू शकते. तुम्हाला १०० छटांची गरज नाही. दहा पातळ्या आणि प्रत्येकीला तीन झाका एवढे पुरे, मात्र त्या तीसही छटा मे महिन्याच्या दुपारच्या उन्हात, आषाढातल्या ढगाळ उजेडात आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली तपासलेल्या असाव्यात.

छटांना नावे देऊ नका. आपल्याकडे वधूवरांच्या जाहिरातींनी ‘गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी’ अशी उतरंड रूढ केली आहे आणि ती सर्वांच्या कानांत बसली आहे. विठ्ठलाला सावळा म्हणताना ज्या भाषेत माया असते, त्याच भाषेत मुलगी सावळी आहे हे सांगताना आवाज खाली येतो. तुमच्या गेमने ती उतरंड पुन्हा मांडू नये. छटा फिकटापासून गडदाकडे अशा रांगेत लावल्या की पहिली निवड आपोआप फिकट होते. त्या वर्तुळात मांडा आणि साधन उघडताना प्रत्येक वेळी वेगळ्याच छटेपासून सुरुवात होऊ द्या. तोच नियम चेहऱ्याला आणि शरीरालाही लावा. अनेक खेळाडू काहीही न बदलता ‘पुढे’ दाबतात, म्हणून साधन उघडताना जे दिसते तेच तुमच्या गावाचे खरे रहिवासी ठरतात.

केसांविषयी थोडक्यातच सांगते. १६ केशरचनांपैकी किती तेल लावून चापून बसवलेल्या आहेत, किती कुरळ्या आहेत, किती विरळ झालेल्या आणि पिकलेल्या आहेत ते मोजा. अंबाडा, खोपा आणि एक घट्ट वेणी यांना सुट्या केसांपेक्षा फार कमी बहुभुज (जाळ्यातले तुकडे) लागतात, म्हणजे तुमच्या मर्यादेत ते सोयीचेच आहेत. गजरा वेगळा ठेवा, म्हणजे तो कोणत्याही अंबाड्यावर माळता येईल. कुरळ्या केसांसाठी ए. एम. डार्क यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘ओपन सोर्स आफ्रो हेअर लायब्ररी’तले काम पाहण्यासारखे आहे, त्यातली बांधणी शिकून घ्या, रचना मात्र आपल्याकडच्या करा.

कपडे आणि दागिने हा माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. साधनात साडी नसते तेव्हा कारण नेहमी तांत्रिक दिले जाते: कापडाचे सिम्युलेशन (कापड कसे हलेल याचे संगणकी गणित) महाग पडते. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड हे खरे, पण ती सगळी सिम्युलेट करायची कोणालाच गरज नसते. कासोट्यामुळे नऊवारी दोन्ही पायांत विभागली जाते, त्यामुळे तिचा खालचा भाग रिगच्या (पात्र हलवणाऱ्या हाडांच्या सांगाड्याच्या) दृष्टीने सैल विजारीसारखा वागतो. नेसलेल्या साडीच्या चुण्या एकदा शिल्पासारख्या घडवून मांडीच्या आणि पोटरीच्या हाडांना बांधल्या की पात्र धावते, उडी मारते, घोड्यावरही बसते. पदर कमरेला खोचलेला ठेवला तर तिथे चार-पाच हाडांची एक साखळी पुरते. गोल पाचवारी साडी तुलनेने अवघड आहे, कारण पाऊल लांब पडले की निऱ्या ताणल्या जातात आणि त्यासाठी घागऱ्यासारखा वेगळा रिग करावा लागतो. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर नऊवारी नेसून तासन्‌तास ढोल वाजवणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी ‘साडीत हालचाल होत नाही’ हे कारण स्वीकारू नये.

फेटा आणि पगडी यांची अडचण वेगळी आहे. बहुतेक साधने डोक्यावरची वस्तू म्हणजे टोपी असे धरून चालतात आणि टोपी घातली की केस जसेच्या तसे ठेवतात; मग फेट्यातून केस बाहेर येतात. प्रत्येक केशरचनेची, डोक्याला चिकटलेली अशी एक पर्यायी आवृत्ती सुरुवातीलाच करून ठेवा आणि शेमल्याला स्वतःचे हाड द्या. नथीचेही तसेच. ती जाळ्यावरच्या ठरावीक बिंदूला बांधलेली असते. नाकाचा आकार बदलला आणि तो बिंदू मॉर्फबरोबर सरकला नाही, तर नथ हवेत लटकते किंवा गालात रुतते. चष्म्याला आणि मंगळसूत्रालाही हाच त्रास होतो. दागिन्याचा आधारबिंदू मॉर्फ लागू झाल्यानंतर काढायचा, एवढे पथ्य पाळले की प्रश्न सुटतो. टिकली, कुंकू आणि गोंदण यांसाठी मात्र त्वचेवरचा स्वतंत्र थर पुरे, आणि त्यांपैकी कोणतीही गोष्ट ‘विवाहित’ किंवा ‘स्त्री’ अशा निवडीला जोडू नका. कोणी कुंकू लावावे हे तुमच्या साधनाने ठरवू नये.

येथून लिंगभावाच्या प्रश्नाकडे जाता येते. जुन्या साधनांत सुरुवातीलाच स्त्री की पुरुष हे निवडावे लागे आणि त्यावरून शरीर, आवाज, चाल, कपडे आणि केस हे सगळे ठरून जाई. सिम्स ४ ने जून २०१६ मध्ये ही बंधने सैल केली. २०२० च्या सायबरपंक २०७७ मध्ये शरीर आणि आवाज वेगवेगळे निवडता येत होते, पण पात्राला कोणते सर्वनाम लागेल हे आवाजावरून ठरत होते. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये शरीर, आवाज आणि ओळख या तीन निवडी एकमेकींपासून मोकळ्या झाल्या. तुम्ही हीच शेवटची पद्धत घ्या आणि सगळे कपडे सगळ्या शरीरांवर बसवा. ज्या शहरात बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर आहे आणि ज्या महाराष्ट्रात साडी नेसलेला जोगता दारात येतो, तिथे हा विचार परका मानण्याचे कारण नाही.

भाषेची बाजू मात्र आपल्यालाच सोडवावी लागेल. सिम्स ४ मध्ये २०२२ साली सर्वनामे निवडण्याची सोय आली तेव्हा ती केवळ इंग्रजीत होती. मराठीत लिंग सर्वनामात मावत नाही, ते क्रियापदापर्यंत पोहोचते: ‘तू पोहोचलास’, ‘तू पोहोचलीस’, ‘मी निघतो’, ‘मी निघते’. प्रत्येक वाक्याच्या तीन आवृत्त्या लिहिणे चार जणांना झेपणार नाही, पण भाषेतच वाटा आहेत. ‘तुम्ही पोहोचलात’ हे दोघांनाही चालते. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘तू दार उघडलंस’ यात बोलणाऱ्याला समोरच्याचे लिंग सांगावे लागत नाही. गावातली म्हातारी माणसे ‘बाळा, आधी जेवून घे’ असे म्हणू शकतात. जिथे ‘तू’चा जिव्हाळा आणि अकर्मक क्रियापद दोन्ही टाळता येणार नाहीत, तेवढीच वाक्ये वेगळी लिहा, माझ्या अनुभवात ती एकूण संवादांच्या मानाने थोडी असतात. निवड विचारतानाही व्याकरणाच्या संज्ञा वापरू नका. ‘गावकऱ्यांनी तुमच्याविषयी कसे बोलावे?’ असे विचारा आणि खाली ‘तो आला’, ‘ती आली’, ‘ते आले’ अशी वाक्येच ठेवा.

नावाची चौकट हाही पात्रनिर्मितीचाच भाग आहे. ‘लक्ष्मी’ हे नाव डोळ्यांना दोन अक्षरांचे दिसते. संगणकाच्या लेखी ते सात युनिकोड चिन्हांचे (अक्षर, काना-मात्रा आणि जोडखुणा वेगवेगळ्या मोजून) आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत २१ बाइटांचे आहे. बारा चिन्हांची मर्यादा घातली की ‘लक्ष्मीबाई’ जेमतेम मावते आणि ‘ज्ञानेश्वरकाका’ मधेच तुटतो. मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांवर मोजा आणि जोडाक्षरे नीट उमटणारा फाँट वापरा.

अपंगत्वाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत चांगले काम झाले आहे. २०२१ च्या फोर्झा होरायझन ५ मध्ये कृत्रिम हात-पाय निवडता येतात, सिम्स ४ मध्ये २०२३ च्या सुरुवातीला श्रवणयंत्रे आणि रक्तशर्करा मोजणारी उपकरणे आली, बाल्डर्स गेट ३ मध्ये कोडाचे डाग निवडता येतात. परंतु गेममधला कृत्रिम पाय हा बहुधा चकाकत्या धातूचा किंवा धावपटूंच्या पात्याचा असतो. आपल्याकडे हजारो लोकांच्या पायात असतो तो रबराचा जयपूर फूट, जो १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केला. तो घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते; आपल्या राहणीसाठीच तो तसा घडवला गेला. तुमच्या गावातल्या पात्राला असा पाय देता येणे ही टेक्श्चरची बाब नाही, कारण मग पंगतीत मांडी घालून बसण्याचे आणि शेतात उकिडवे बसण्याचे ॲनिमेशनही त्या पायासह चालले पाहिजे. पुण्यात १९४४ पासून सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. असे अवयव वापरणारी माणसे याच शहरात राहतात. त्यांच्यापैकी कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय हा भाग करू नका. कोडाविषयी एक सूचना: तो संसर्गाने पसरत नाही हे माहीत असूनही आपल्या समाजात त्याची धास्ती आहे, म्हणून डाग हा पर्याय ‘व्रण’ किंवा ‘जखमा’ यांच्या यादीत टाकू नका, तो त्वचेच्याच पानावर असू द्या.

एक गोष्ट मी निक्षून सांगते. तयार चेहऱ्यांना आडनावांची, जातींची किंवा जमातींची नावे देऊ नका, आणि विशिष्ट चेहऱ्याबरोबर विशिष्ट कपडे आपोआप येतील अशी जोडणीही करू नका. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर मोजून त्यावरून जातींची उतरंड लावण्याचा प्रयत्न केला होता. नाकाच्या स्लायडरला समाजाचे नाव लावणे म्हणजे नकळत त्याच वाटेने जाणे. चेहऱ्यांना क्रमांक द्या, किंवा झाडांची नावे द्या.

हे सगळे कशासाठी करायचे, असे तुमच्या गटातला कोणी विचारील. २००९ मध्ये दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १५० गेममधल्या पात्रांची मोजणी केली, तेव्हा त्यांत गोरे, पुरुष आणि प्रौढ यांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त असल्याचे दिसले. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी दाखवले की आपल्याला मिळालेल्या आभासी शरीरानुसार आपले वागणेही बदलते. उंच अवतार मिळालेली माणसे वाटाघाटीत अधिक आग्रही झाली. अर्थात पात्रनिर्मितीचे साधन हा एकच मार्ग नाही. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला तेव्हा त्यात नायिका एकच आणि ठरलेली होती. तुमची कथा एका ठरावीक माणसाची असेल तर साधन करूच नका, त्या एका चेहऱ्यावर सगळी मेहनत घ्या. पण खेळणाऱ्याला ‘हे तुमचे पात्र, तुम्हीच घडवा’ असे सांगितले, तर ते वचन आहे.

तुमच्या हातात सात-आठ महिने आहेत असे धरून मी पहिले दहा आठवडे केवळ आठ चेहरे, दोन थरांची त्वचा आणि एक नऊवारी यांवर घालवीन. स्लायडरांचे पान तोवर उघडणार नाही. त्यानंतर वेगवेगळ्या वयांच्या दहा जणांना बोलवा. त्यांत गेम कधीही न खेळलेली निदान तीन माणसे असू द्या आणि तुमची आजी येऊ शकत असेल तर तीही. प्रत्येकाला स्वतःचा किंवा घरातल्या कोणाचा तरी चेहरा घडवायला सांगा, शेजारी बसा, मदत करू नका. कुणाचा हात कोणत्या जागी अडला आणि किती वेळाने त्याने नाद सोडला, हे वहीत वेळेसह लिहा. ज्या जागी तीन जण अडले असतील, तिथला चेहऱ्याचा भाग नव्याने घडवायला घ्या आणि त्याच दहा जणांना महिन्याभराने पुन्हा बोलवा.